नजमा, तू झोपायला शिकलीस

नजमा,

परवा शाळेत तुझी शोकसभा झाली. तुझा फोटो स्टाफरूममधल्या टेबलावर ठेवला होता, तोच तो, निरोपसमारंभातला, ज्यात तू डोळे बारीक केलेस म्हणून तुला मुळीच आवडायचा नाही. सगळ्यांत आधी नवे मुख्याध्यापक बोलले. त्यांनी तुला जेमतेम वर्ष-दीड वर्ष पाहिलेलं. बाकी सगळं ऐकीव. म्हणाले, "नजमा मॅडम म्हणजे कष्टाचं दुसरं नाव. घरी आजारी सासू, रात्र रात्र जागरण, तीन-चार तास झोपायच्या आणि सकाळी फळ्यासमोर हसतमुख उभ्या. तरुण शिक्षकांनी हा आदर्श डोळ्यांसमोर ठेवावा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र खुर्चीत बसवेना. उठून सांगावंसं वाटत होतं की सर, आदर्श घ्यायचाच असेल तर त्यानंतरच्या नजमाचा घ्या. वेळ झाली की फोन बाजूला ठेवून, दिवा मालवून सरळ झोपणाऱ्या नजमाचा. तिला तिथवर पोचायला जे करावं लागलं ना, त्यापुढे तुमचं जागरण काहीच नाही. पण पहिल्या रांगेत तुझे इक्बालभाई बसले होते, हातातल्या टोपीची घडी घालत आणि मोडत. त्यांच्यासमोर ते सगळं काढायला माझी जीभ उचलली नाही. म्हणून आता तुलाच सांगतेय. तुला सगळं ठाऊकच आहे. पण मी सांगायला लागले की तू मध्येच थांबवून माझ्या चुका काढायचीस. ते काम आता मलाच करायला हवं.

आपली ओळख एसटीत झाली असं आपण लोकांना सांगायचो. खरं म्हणजे ओळख व्हायच्या आधीच तू माझ्या खांद्यावर झोपली होतीस. मी शाळेत नुकतीच लागले होते. पावसकडे जाणारी सकाळची गाडी, भाट्याचा पूल, खाडीवरून खारट वारा येतोय आणि शेजारची अनोळखी बाई मान टाकून गाढ झोपलेली. मला वाटलं, बाईला बरंबिरं नाही की काय. कंडक्टर तिकिटं फाडत आला, माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "झोपू दे त्यांना. रोजचं आहे. स्टॉप आला की बरोबर उठतात." आणि उठलीस की! ओढणी सारखी केलीस, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "तुम्ही विज्ञानाच्या नवीन बाई ना? मी गणित." जणू ते तुझं आडनावच होतं.

तेव्हा तुझं कारण साधं होतं. पहाटे उठून आदिलचा शाळेचा डबा, इक्बालभाईंचा नाश्ता, मग गाडी. अम्मींचं दुखणं पुढे आलं. तुझ्या सासूबाई, सगळ्या मोहल्ल्याच्या अम्मी. आधी त्या नावं विसरायला लागल्या, मग माणसं, आणि हळूहळू दिवस आणि रात्र यांतला फरकच विसरल्या. दिवसा ओटीवर बसून पेंगायच्या आणि घर निजलं की त्यांचा दिवस उजाडायचा. कपाटं उघडायच्या, माहेरी जायचं म्हणून बोचकं बांधायच्या. त्यांच्या मागे मागे तू.

त्या काळात तुझं जे काय होत होतं ते मी अगदी जवळून बघत होते आणि मला कळत नव्हतं. तू फुगत चालली होतीस आणि तरी दमलेली दिसायचीस. स्टाफरूममध्ये चहावर चहा. पर्समध्ये आंबावडी, तास संपला की एक, दुसऱ्या तासाला आणखी एक. मी चेष्टा करायचे, "एवढा गोडाचा सोस कधीपासून गो?" तू म्हणायचीस, "पोट भरलंय, पण आतून कोणीतरी मागतंच राहतं." शाळेत तपासणी शिबिर लागलं, तुझी साखर वाढलेली निघाली. गोळी सुरू झाली. मग दुसरी. तू भात कमी केलास, चहातली साखर बंद केलीस आणि साखर आपली होती तिथेच. तुला त्याचा राग यायचा. गणित बरोबर मांडलं तर उत्तर बरोबर यायला पाहिजे, असा तुझा स्वभाव.

मग त्या डॉक्टरीणबाईंकडे आपण दोघी गेलो. त्यांनी गोळ्या बघितल्या, खाणंपिणं विचारलं आणि मग विचारलं, "रात्री झोप किती मिळते?"

"मिळते की," तू म्हणालीस.

"खोटं बोलतेय," मी म्हटलं.

तू मला टेबलाखालून चिमटा काढलास. त्याचा वळ संध्याकाळपर्यंत होता. पण बाईंनी पेन खाली ठेवलं आणि शांतपणे समजावून सांगितलं. झोप अपुरी पडली, सारखी मोडत राहिली, की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. इन्सुलिन असतं, पण साखर रक्तातून उचलली जात नाही. शरीर आपलं कायम संकटात असल्यासारखं ताणलेलं राहतं. भूक वाढते, आणि तीही गोडधोडाची. वर साखर वाढली की लघवीला उठावं लागतं, म्हणून उरलेली झोपही मोडते.

"म्हणजे हे वर्तुळ झालं," तू म्हणालीस. "झोप नाही म्हणून साखर, साखर म्हणून झोप नाही. सुरुवातीचा बिंदू सापडणार नाही."

"सापडायला कशाला हवा? सुरुवात कुठूनही करता येते," बाई हसल्या. "गोळी मी वाढवून देऊ शकते. झोप मात्र तुम्हाला घरातून आणावी लागेल."

बाहेर औषधाच्या दुकानाच्या शेडखाली उभं राहून तू माझ्यावर उखडलीस. "घरातून आणा म्हणे! घरात काय झोप डब्यात भरून ठेवलीय?"

"इक्बालभाईंना सांग."

"ते पहाटे मिरकरवाड्याला जातात. बोटी सुटायच्या वेळेला दुकान उघडं नको? दोर, जाळी, इंजिनाचे भाग, सगळ्यांना तेव्हाच हवं असतं. त्यांना कुठे जागवू रात्री?"

"आणि तू दिवसभर काय करतेस? झोके घेतेस?"

आणि मग तू ते वाक्य बोललीस. "तुझं घर एकटीचं आहे वृंदा. तुला नाही कळायचं."

ते खरंच होतं म्हणून जास्त लागलं. मी लग्न केलं नाही, आई-वडील गेल्यावर मारुती मंदिरजवळच्या दोन खोल्यांत मी आणि माझी पुस्तकं. त्यानंतर आठवडाभर आपण गाडीत वेगवेगळ्या सीटवर बसलो. तू खिडकीला डोकं टेकून झोपायचीस आणि गोळपच्या चढावर प्रत्येक खड्ड्याला तुझं डोकं गजावर आपटायचं. मी मागून बघायचे. उठून यायचे नाही. तूही वळून बघायची नाहीस. कंडक्टर बिचारा एकदा तुझ्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघायचा.

आणि मग ती सकाळ आली. इक्बालभाई फजरची नमाज पढून बंदरावर गेले होते. तू चहाचं आधण ठेवून खुर्चीत टेकलीस, आणि तुझा डोळा लागला. जाग आली ती भांडं जळल्याच्या वासाने. चहा आटून काळा झाला होता आणि पुढचं दार सताड उघडं.

अम्मी मिरकरवाड्याच्या धक्क्यावर सापडल्या. तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पण मधे रस्ता, टेम्पो, बर्फाचे ट्रक. लिलावाची वाट बघत बसलेल्या बायकांमध्ये त्या एका उपड्या क्रेटवर बसल्या होत्या, अनवाणी, बोटींकडे तोंड करून. "बाबाचा मचवा यायचाय," म्हणत होत्या. एका मासेवालीने आपली शाल त्यांना गुंडाळली, दुसरीने ओळखलं आणि इक्बालभाईंना दुकानातून बोलावून आणलं.

कळल्यावर मी तुमच्याकडे पोचले तेव्हा अम्मी ओटीवर बसून चहात बिस्कीट बुडवत होत्या, मजेत. तू आत भिंतीला टेकून जमिनीवर बसली होतीस. मला बघून एवढंच म्हणालीस, "मला झोप लागली गो." पुन्हा म्हणालीस, "मला झोप लागली." कोणाचा जीव घेतल्यासारखं तोंड करून.

इक्बालभाई दारात उभे होते. तो माणूस कधी जास्त बोलत नाही, तुला माहीतच आहे. ते म्हणाले, "झोप लागली म्हणून रडू नको. इतकी वर्षं तुला झोप मिळाली नाही, आणि आम्ही कोणी विचारलं नाही." मग तिथेच उभं राहून त्यांनी संगमेश्वरला बहिणीला फोन लावला. "शाहिदा, आई दोघांची आहे. तू कधी येतेस ते सांग."

मला वाटलं होतं, शाहिदा कुरकुर करेल. तुलाही तेच वाटलं होतं. ती म्हणाली, "भाभी कधी काही बोललीच नाही. मला वाटायचं, तिला माझी लुडबूड नको असेल." दर शुक्रवारी संध्याकाळी ती एसटीने यायची, रविवारी दुपारी परत जायची. इक्बालभाईंनी बंदरावरची पहाट चुलतभावाकडे सोपवली आणि रात्रीचा पहिला भाग स्वतःकडे घेतला. बुधवार मी मागून घेतला. तू म्हणालीस, "तू कशाला?" मी म्हटलं, "माझं घर एकटीचं आहे, मला कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही." तेव्हा तू किती दिवसांनी हसलीस.

पण सोपं गेलं नाही. पहिले काही दिवस तू आतल्या खोलीत पडायचीस आणि अम्मींच्या प्रत्येक खोकल्याला उठून बाहेर यायचीस. शाहिदाने शेवटी तुझ्या खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलं. त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी घावणे घेऊन तुमच्याकडे आले तर शाहिदाने ओठांवर बोट ठेवलं. ऊन ओटीवर येऊन पसरलं होतं. अम्मी उन्हात पाय सोडून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "खैरू, किती दिसांनी आलीस गो!" खैरू म्हणजे त्यांची गेलेली बहीण. मी म्हटलं, "आले बघ." त्यांच्यासाठी मी कायमची खैरूच झाले.

आणि तू धावत बाहेर आलीस. केस मोकळे, गालावर उशीचे वळ. "अम्मी कुठाय? काय झालं? किती वाजले?" अम्मी तिथेच होत्या. शाहिदा तांदूळ निवडत होती. काहीही झालं नव्हतं. तू पायरीवर बसलीस आणि रडायला लागलीस. आम्ही घाबरलो. तू म्हणालीस, "अगो, मला वाटलं मी मेले की काय. इतकं शांत वाटत होतं." मग डोळे पुसलेस, माझे घावणे एकामागून एक संपवलेस आणि वर म्हणालीस, "जाळी नाही नीट पडली हं."

पुढे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट आला, तो घेऊन तू मुख्याध्यापकांच्या केबिनवरून सरळ प्रयोगशाळेत आलीस. मी मुलांना लिटमस दाखवत होते. कागद माझ्या नाकासमोर धरलास. डॉक्टरीणबाईंनी एक गोळी कमी केली होती.

"बघ!" मी म्हटलं. "झोप."

"काय बघ? सिद्ध कुठे झालं?" तू म्हणालीस. "झोप वाढली, संध्याकाळी चालायला लागले, आंबावडी सुटली, डोक्याचा घोर कमी झाला. एवढी चलं एकदम बदलली, आता कुठल्या चलामुळे उत्तर बदललं ते सांग."

"आंबावडी सुटली ती झोप मिळाल्यामुळेच."

"हे तुझं अनुमान. आणि एका माणसावरून सिद्धांत मांडायचा नसतो, विज्ञानाच्या बाई."

हा वाद आपण शेवटपर्यंत मिटवला नाही. मिटवायचाही नव्हता बहुतेक. वर्गातली पोरं आपल्याला भांडताना बघून खूश व्हायची.

अम्मी गेल्या आणि तू दुसऱ्याच टोकाला गेलीस, हेही लिहायला हवं, नाहीतर तू म्हणशील आपल्याला सोयीचं तेवढंच सांगतेय. तू झोपतच राहिलीस. शाळेतून आलीस की आडवी, जेवलीस की आडवी, सुट्टीच्या दिवशी दुपार टळली तरी अंथरुणात. मला वाटलं, झोपू दे, इतक्या वर्षांची भूक आहे. पण साखर पुन्हा वाढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फार झोपणंही चांगलं लक्षण नाही. त्यामागे दुःख असतं, कधी एखादं दुखणं असतं, आणि दिवसभर लोळण्याने शरीरही जड होतं. झोपेची वेळ ठरवा, सकाळचं ऊन घ्या, चाला. मग मी रोज सकाळी तुला भाट्याच्या किनाऱ्यावर ओढून न्यायला लागले. तू ओली वाळू तुडवत चालायचीस, रुसल्यासारखी. एक दिवस थांबलीस आणि काडीने वाळूवर एक वक्र काढलास, मधे खाली, दोन्हीकडे वर गेलेला.

"हा तुझ्या सिद्धांताचा आलेख," म्हणालीस. "तुला वाटत होतं सरळ रेषा आहे. कमी झोपलं तरी त्रास, जास्त झोपलं तरी त्रास. आपण इथे मधल्या खोलगट जागेत राहायचं."

मी म्हटलं, "म्हणजे सिद्धांत मान्य?"

"आलेख मान्य. सिद्धांताचं बघू." आणि अम्मी गेल्यानंतर पहिल्यांदा तू खळखळून हसलीस.

तिथून पुढची तुझी वर्षं चांगली गेली. मला त्या वर्षांबद्दल कोणाचे तरी आभार मानायचे आहेत आणि कोणाचे ते कळत नाही. तुझं वजन उतरलं, चेहऱ्यावरची सूज गेली. आंजर्ल्याच्या सहलीत पोरांच्या बरोबरीने तू कड्यावरच्या देवळापर्यंत चढून आलीस, न थांबता, आणि वरून मला हाका मारत राहिलीस, "ये गो, विज्ञान! दम लागला?" दम मलाच लागला होता. अम्मींच्या आजारपणात जे पीरियड तू कसेबसे रेटायचीस, ते आता तुझ्याच शब्दांत 'पुरत नाहीत' असे व्हायला लागले.

आणि गाडीत तू जागी राहायला लागलीस. सगळा रस्ताभर बोलायचीस. आदिलचं दोहातलं घर, सुनेची पहिली फसलेली बिर्याणी, दहावीचा भूमितीचा पेपर. मी तुला कधी सांगितलं नाही, आता सांगते: मला सुरुवातीला चुकल्यासारखं व्हायचं. भाट्याचा पूल आला की माझा डावा खांदा आपोआप थोडा खाली यायचा. मीच तुझ्या मागे लागून तुला घरी झोपायला लावलं, आणि मलाच त्या वजनाची आठवण यायची. हे तुला सांगितलं असतं तर तू ते सगळ्या स्टाफरूममध्ये सांगत सुटली असतीस.

तू गेलीस ती भर सकाळी. छातीत दुखतंय म्हणालीस, इक्बालभाईंनी रिक्षा आणली, दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी डॉक्टरीणबाईंना भेटले. मला विचारायचंच होतं. म्हटलं, "एवढं सगळं केलं ना तिने? झोप सुधारली, साखर सुधारली, मग?" त्यांनी मला खुर्ची दिली. म्हणाल्या, "आधीची बरीच वर्षं साखर चढी होती. रक्तवाहिन्यांवर त्याचा परिणाम राहतो. याच कारणाने झालं असंही मी छातीठोक सांगणार नाही. पण मधली वर्षं त्या बऱ्या होत्या, हे तुम्हीही बघितलंय आणि मीही." मला राग आला. मला पूर्ण उत्तर हवं होतं. घरी येताना लक्षात आलं की तू असतीस तर तुला हे उत्तर पसंत पडलं असतं. बाईंनी सिद्ध न झालेलं काहीही म्हटलं नव्हतं.

अजून तुझा चाळीसावा दिवस व्हायचाय. काल मी तुमच्याकडे गेले होते. शाहिदा आलीय, स्वयंपाकघर तिने हातात घेतलंय. आदिल परत जायच्या गडबडीत होता. इक्बालभाई ओटीवर बसले होते, मी शेजारी बसले. ते आपणहूनच म्हणाले, "वृंदाताई, नजमा झोपेत हसायची. तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हटलं, "नाही."

"आधी कधी नाही हसली. ही गेली काही वर्षं. पहाटे मी नमाजला उठायचो तेव्हा कधी कधी ऐकू यायचं. आवाज करून, पोरीसारखी. मी थांबायचो दारात जरा."

"तिला सांगितलंत कधी?"

त्यांनी मान हलवली. "सांगितलं असतं तर लाजली असती. मग बंद झालं असतं."

मी घरी आले आणि तेव्हापासून हेच डोक्यात आहे. इतक्या वर्षांत आपण एकमेकींना सांगितलं नाही असं फार थोडं होतं, आणि हे तुला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. तू झोपेत हसायचीस, नजमा. कशाला हसायचीस गो?